सरळ चालणारे वाकडे चाक

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटायला जी गर्दी लोटते, तिच्यात एका जुन्या मोटारीचा मान मोठा असतो. राजाराम महाराजांच्या काळातील ही मेबॅक मोटार. छत्रपतींची स्वारी तिच्यातून चौकात येते. लहान पोरे बापाच्या खांद्यावर बसून ती मोटार पाहतात, आणि म्हातारी माणसे तिच्यात आपले बालपण पाहतात. यंदा मीही त्या गर्दीत होतो. पण माझे लक्ष तिच्या झळाळीकडे नव्हते. जमेल तितका खाली वाकून मी तिच्या पुढच्या दोन चाकांकडे पाहत होतो. शेजारचे गृहस्थ काळजीने म्हणाले, "गुरुजी, काही पडलं काय तुमचं?"

पडले काहीच नव्हते. गेल्या दिवाळीत पडता पडता राहिले होते, एवढेच. ती हकीकत सांगितल्याशिवाय मास्तरकी आणि कादंबऱ्या सोडून हा मनुष्य चाकांच्या नादी का लागला, हे वाचकांना कळावयाचे नाही.

माझ्या भाच्याने जुनी मोटार घेतली. हल्लीच्या तरुणांना गाडी बसकी लागते, जमिनीला टेकल्यासारखी. त्याने कुठल्याशा कारखान्यात जाऊन चारी स्प्रिंगांची एकेक दीडदीड वेटोळी कापून घेतली आणि गाडी दारात आणून उभी केली. "मामा, कशी दिसते?" मी कादंबरीकार पडलो! म्हटले, "वाघ दबा धरून बसावा तशी दिसते." पोरगा खूश झाला. पाच महिने गेले आणि त्या वाघाचे पुढचे पंजे झिजू लागले. आम्ही रस्त्याला शिव्या घातल्या, पावसाला घातल्या, शेवटी टायर करणाऱ्याला घातल्या. इतकेच नव्हे, तर अशुद्ध लेखनाची एकही चूक नसलेले एक खरमरीत तक्रारपत्रही मी लिहून ठेवले.

भाऊबीजेला भाचा, त्याची बायको, दोन मुले आणि माझी बहीण अशी पाच माणसे राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाटाने कोकणात उतरणार होती. आदल्या दिवशी उद्यमनगरातील एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी सहज दाखवायला नेली. त्यांनी गाडीखाली काही पाहिले नाही. स्टिअरिंग पार एका बाजूला वळवले, पुढच्या चाकाची आतली बाजू उघड्यावर आणली आणि मला जवळ बोलावले. टायरची बाहेरची कड जवळजवळ नवी होती. आतल्या कडेवर मात्र रबर संपून खालच्या तारा दिसत होत्या.

"बगा गुरुजी," मिस्त्री म्हणाले, "बाहेरनं जरीचा फेटा अन् आतनं फाटकी बंडी."

मी तक्रारपत्राची गोष्ट काढली. ते हसले. "टायरचा काय बी दोष न्हाई. गाडी खाली बसवली, पण चाकास्नी कुणी सांगितलंच न्हाई."

कोकणचे जाणे दोन दिवस लांबले. नवे टायर आले, स्प्रिंगा मूळच्या मापाच्या बसल्या, चाकांचे कोन जुळवले गेले. पाच माणसे घाट उतरून सुखरूप गेली आणि सुखरूप आली. पण जाता जाता मिस्त्री जे एक वाक्य बोलून गेले, ते माझ्या डोक्यातून जाईना. मी म्हटले होते, "म्हणजे चाके पुन्हा सरळ केलीत ना?" तर ते म्हणाले, "चाक सरळ ठिवत न्हाईत, गुरुजी. सरळ चालावं म्हणून वाकडं ठिवत्यात."

आयुष्यभर पट्टीने सरळ रेषा काढायला शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य झोंबले. मॅट्रिकपर्यंतचे गणित आणि मिळतील ती पुस्तके यांच्या आधाराने वर्षभर मी या वाकडेपणाचा इतिहास शोधीत होतो. तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

*

आपल्याकडे पूर्वी बैलगाडी म्हणजे फार मोठी गोष्ट होती, असे समजण्याचे कारण नाही. दख्खनच्या पठारावर बराचसा माल बैलांच्या पाठीवरून, तांड्यांनी जात असे. गाड्या होत्या त्या ओबडधोबड. चाके अखंड लाकडी ओंडक्याची, नाही तर चक्क दगडाची. १८३६ च्या सुमारास महसुली मोजणीच्या कामावरील लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने सोलापूरच्या वाटेवर टेंभुर्णी येथे गाड्यांचा कारखाना काढला आणि हलकी, सुधारलेली बैलगाडी कुणब्यांच्या हाती दिली. साहेबाने आराखडा दिला; पण पुढे गावोगावी ती गाडी उभी केली आपल्या सुतार-लोहारांनीच.

ज्यांनी लहानपणी चाकावर धाव चढवताना पाहिली असेल, त्यांना ते दृश्य विसरता यावयाचे नाही. मधला तुंबा, त्यातून फाकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेला लाकडी घेर. लोखंडी धाव या घेरापेक्षा किंचित लहान ठेवलेली. शेणींच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की सांडशांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून घागरीच्या घागरी पाणी ओतायचे. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि निवता निवता आवळत जाणाऱ्या धावेत एकेक सांधा कडकड करीत घट्ट होई. किंचित लहान म्हणजे किती लहान, हे कोठल्या पुस्तकात नव्हते. ते लोहाराच्या नजरेत होते.

तिकडे युरोपात घोड्यांच्या गाड्या करणारे कारागीर चाकाच्या बाबतीत आणखी एका पेचात सापडले होते. घोडा चालतो तो डुलत. भरलेली गाडीही उजवीडावीकडे हेलकावे खाते. अशा वेळी सपाट चाकाचे आरे आडव्या धक्क्याने निखळत. म्हणून त्यांनी चाक ताटलीसारखे खोलगट केले, आरे तुंब्यापासून बाहेरच्या अंगाला कललेले. खोलगट चाक आडवा धक्का सोसते. पण मग ओझे पेलणारा खालचा आरा तिरका राहू लागला. तो उभा यावा म्हणून कण्याची दोन्ही टोके त्यांनी किंचित खाली वाकवली. त्यामुळे दोन्ही चाकांचे माथे बाहेर झुकले. एक अडचण सुटली, आणि तिच्या पोटातून दुसरी जन्मली.

ही दुसरी अडचण समजण्यासाठी वाचकांनी घरातला पाणी प्यायचा पेला घ्यावा. तोंडाशी रुंद, बुडाशी अरुंद असा. तो आडवा ठेवून फरशीवर घरंगळवावा. तो सरळ जाणार नाही, बुडाच्या अंगाला वळून गोल फिरेल. कललेले चाक अशाच पेल्याचा एक काप असते. ज्या बाजूला ते कलले, त्या बाजूला वळावयाची त्याची ओढ. दोन्ही चाके बाहेर कललेली, म्हणजे उजवे उजवीकडे पळू पाहणार आणि डावे डावीकडे. कण्याच्या टोकाला त्यांना अडवणारी असते ती केवळ एक खीळ. खिळीवर सारा भार, घर्षण आणि झीज!

कारागिरांनी यावर उपाय काढला तो असा. कण्याची टोके खाली वाकवलेली होतीच; ती आता केसभर पुढेही वाकवली. त्यामुळे दोन्ही चाकांची पुढची अंगे एकमेकांकडे किंचित वळली. आत पावले टाकून चालणाऱ्या माणसासारखी. कलामुळे चाक बाहेर पळू पाही, रोखामुळे आत येऊ पाही. दोन ओढी एकमेकींना पुरून उरत आणि चाक सरळ चाले. मिस्त्रींच्या वाक्याचा उगम हा असा मोटारीच्या किती तरी आधीचा आहे. आज ज्याला मोटारवाले कँबर म्हणतात तो हा कल, आणि टो म्हणतात तो हा रोख.

*

दोन चाकांची गाडी वळवणे सोपे. एक चाक हळू, दुसरे जलद, आणि बैल आहेतच. चार चाकांची गोष्ट निराळी. जळगावला कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ पासून ही प्रथा चालू आहे. एवढा थोरला रथ वळवायला त्याला स्टिअरिंग नाही. चाकांखाली मोगरी म्हणजे लाकडी पाचर लावून सेवेकरी त्याला तसूतसूने दिशा देतात. ज्यांनी मोगरी लावणाऱ्यांची ती धावपळ पाहिली आहे, त्यांना चार चाकांना वळण लावणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

युरोपातील गाड्यांत पुढचा सबंध कणा मधल्या एका खुंटीभोवती फिरे. जोराचे वळण घेतले की आधार एका अंगाने कमी पडे आणि गाडी कलंडे. इंग्लंडात लिचफिल्ड गावी इरॅस्मस डार्विन नावाचे एक डॉक्टर होते. उत्क्रांतिवादाने जगप्रसिद्ध झालेल्या चार्ल्स डार्विनचे हे आजोबा. रोग्यांसाठी त्यांना खराब रस्त्यांवरून सारखी गाडी हाकावी लागे. १७५८ च्या सुमारास त्यांनी असे सुचवले, की कणा जागीच राहू द्यावा आणि दोन्ही टोकांची चाके आपापल्या खुंटीवर वळावी. १७६८ साली गाडीच्याच अपघातात त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि पुढे ते कायमचे लंगडले. घाटरस्त्याच्या विचाराने झोप उडालेल्या माझ्यासारख्याला हे डॉक्टर जवळचे वाटले, यात नवल नाही.

पुढे म्युनिकचे गाडीकारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी अशीच रचना स्वतंत्रपणे केली. लंडनमध्ये चित्रांचा आणि ग्रंथांचा व्यवसाय करणारे रूडॉल्फ आकरमन यांनी १८१८ साली तिचा इंग्लंडात हक्क नोंदवला. गंमत अशी, की ज्याने काढली त्याचे नाव मागे पडले आणि ज्याने नोंदवली त्याचे नाव आजही जगातील प्रत्येक मोटार-कारखान्यात घेतले जाते! तिच्यातील मर्म एवढेच: वळताना आतले चाक लहान वर्तुळावर फिरते, बाहेरचे मोठ्या, म्हणून आतल्याने जास्त वळले पाहिजे. दोन्ही सारखीच वळली, तर एक घासत जाणार. १८७८ साली पॅरिसचे गाडीकारागीर शार्ल जाँतो यांनी या चाकांच्या दांड्यांची रेषा कशी धरावी, हे भूमितीने मांडले.

आणि मोटारीचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो त्या कार्ल बेंझने १८८६ साली आपली पहिली मोटार रस्त्यावर आणली, तेव्हा तिला चाके होती तीन. पुढचे चाक एकच. दोन पुढची चाके नीट वळवण्याचा मनाजोगता उपाय त्याला सापडला नव्हता. तो सापडल्यावर १८९३ साली त्याने त्याचा हक्क घेतला आणि मग चारचाकी काढली. ज्या माणसाने इंजिन साधले, त्यालाही चाकाच्या वळणाने सात वर्षे थांबवले. आमच्या भाच्याने ती सात वर्षे एका दुपारीत, करवतीच्या एका पात्याने कापून टाकली होती.

*

लोखंडी धाव होती तोवर चाकाच्या चुका लपून राहत. लोखंड झिजायला वर्षे लागत, आणि झिजले तरी त्याकडे पाहतो कोण? चाकाची तक्रार लिहून ठेवणारा कागद अजून निघावयाचा होता. तो म्हणजे रबर.

हवा भरलेल्या धावेची कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच नोंदवली होती. पण ती काळाच्या फार पुढे होती. १८८८ साली बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला आणि मग मात्र जग त्यावर धावू लागले.

हे १८८८ साल आपल्या भागालाही शकुनाचे म्हटले पाहिजे. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. सायकली विकता विकता, दुरुस्त करता करता त्यांचे हात यंत्रावर बसले; १९०३ साली लोखंडी नांगर निघाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच १८८८ साली कोल्हापूर ते मिरज रेल्वेच्या कामाचा आरंभ झाला आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. या रेल्वेची चाकेही पेल्याच्याच जातीची. रुळावर टेकणारी त्यांची कड आतल्या अंगाला रुंद आणि बाहेर अरुंद अशी उतरती असते. दोन्ही चाके एका कण्याला पक्की. गाडी एका बाजूला सरकली, की त्या बाजूचे चाक मोठ्या घेरावर चालू लागते आणि जोडी आपोआप मध्यावर येते. म्हणजे पंचगंगेच्या काठच्या माणसाने जी पहिली आगगाडी पाहिली, तीही वाकड्या चाकांवरच सरळ धावत होती.

सायकलीने आणखी एक धडा दिला. हात सोडून सायकल चालवणारी पोरे आपण पाहतो. ती पडत नाहीत याचे एक कारण पुढच्या काट्याच्या तिरकेपणात आहे. काटा मागे रेललेला असतो. त्याची रेषा खाली वाढवली तर ती चाक टेकते त्याच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. त्यामुळे चाक त्या रेषेच्या मागून ओढले जाते आणि सरळ येऊ पाहते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असेच रेलवतात. त्याला कॅस्टर म्हणतात. वळण संपले की स्टिअरिंग हातातून आपोआप परत फिरते ते बरेचसे याच्यामुळे.

कल, रोख आणि रेलणे: हे तीन वाकडेपणे मिळून एक सरळ चाल होते.

*

सुरुवातीच्या मोटारींत पुढे एकच अखंड पोलादी कणा असे. त्याचे कोन भट्टीतच ठरत. १९४७ नंतर मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली, तिचाही कणा अखंडच. चाकांना बाहेर सुमारे दीड अंशाचा कल आणि मागे तीन अंशांचे रेलणे. अशी जीप खड्ड्यातून गेली, की एका चाकाचा धक्का दुसऱ्याला बसे. पण कोन सहसा बिघडत नसत.

माणसाला सुख हवे असते. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला लागू नये म्हणून प्रत्येक चाक वेगळ्या दांड्यांवर, स्वतंत्र टांगण्याची कल्पना निघाली. १९२२ साली लोकांपुढे आलेली इटलीची लान्सिया लँब्डा या बाबतीत नावाजली गेली. १९३४ पासून अमेरिकेतील मोठ्या कारखान्यांनीही स्वतंत्र पुढची चाके उचलली. आपल्याकडे प्रत्येक पिढीच्या आठवणीतली फियाट अकराशे आणि १९५८ च्या सुमारास आलेली अँबॅसडर या दोन्ही याच जातीच्या. खड्डे मऊ झाले. पण या सुखाची एक किंमत होती. चाक आता बिजागरीवरच्या दारासारख्या दांड्यांवर वरखाली होऊ लागले आणि वरखाली होताना त्याचा कल बदलू लागला. चाकाला वळवणारी दांडी स्वतःच्या वेगळ्या कमानीतून फिरते. तेव्हा रोखही बदलू लागला. कारखान्यातला अभियंता हे सारे एका ठरावीक उंचीसाठी जुळवून देतो. ती उंची म्हणजे सगळ्या कोनांची आई.

आता भाच्याची गाडी डोळ्यांसमोर आणा. स्प्रिंग कापली, उंची गेली. दांड्या वर चढल्या, चाकांचे माथे आत झुकले आणि सारे ओझे टायरच्या आतल्या कडेवर आले. पावले फेंगडी झाली, म्हणजे पुढून बाहेर वळली, ती वेगळीच. चाके पुढे निघाली, पण दोघींची तोंडे दोन दिशांना.

हा रोख केवळ अर्धा अंश चुकला तर काय होते, हा हिशेब मी वर्गात मुलांना घातला. पंधरा इंची चाकावर अर्धा अंश म्हणजे पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम सव्वातीन मिलिमीटरांचा फरक. डोळ्याला दिसत नाही. पण असे चाक दर किलोमीटरला सुमारे पावणेनऊ मीटर आडवे फरफटते. कोल्हापूर ते पुणे सुमारे २३० किलोमीटर. म्हणजे पुण्याला पोचेपर्यंत तो टायर दोन किलोमीटर आडवा घासला गेला! मुलांनी उत्तर काढले आणि वर्ग क्षणभर शांत झाला. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "गुरुजी, मग तो खोडरबरच झाला की." मला इतकी नेमकी उपमा सुचली नव्हती. आणि मी त्या गाडीला वाघ म्हटले होते.

गाडी उंच करणाऱ्यांनीही यातून सुटलो असे समजू नये. अखंड कण्याच्या जीपला पुढच्या स्प्रिंगेची कडी लांब घातली, तर सबंध कणा पुढे झुकतो आणि मागे रेललेली चाके उभी होतात. टायर एक वेळ बरे राहतील. पण स्टिअरिंग परत फिरणे विसरते आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. उंची वाढवा की घटवा, जमाखर्च कोठे तरी निघतोच.

*

कोल्हापूरने हा जमाखर्च कसा ठेवला, हे सांगून आवरते घेतो. शाहू महाराजांनी १९०६ साली शाहू मिलचा पाया घातला तेव्हापासून या गावाला यंत्राची गोडी आहे. शिवाजी उद्यमनगरात ओतीव कामाच्या भट्ट्या पेटल्या, शेतावरच्या पंपांसाठी ऑइल इंजिने घडली, पुढे मोटारींचे भाग होऊ लागले. या सगळ्यात किती तरी मिस्त्री असे होते, की ज्यांची शाळा चौथीतच सुटली. पण लोखंडाच्या आवाजावरून त्यातली भेग सांगत. उसाच्या गाड्यांना लाकडी चाकांच्या जागी रबरी टायर आले, तेव्हा वाकलेला कणा पहिल्यांदा टायरवर लिहून दिसू लागला, आणि तो वाचायला हीच माणसे पुढे आली.

त्यांचे साहित्य काय? एक सूत, एक ओळंबा, एक खडू. चाकाच्या वरच्या कडेशी ओळंबा धरायचा आणि खालची कड दोरीपासून किती हटली ते पाहायचे, हा कल. दोन चाकांमधले अंतर पुढून मोजायचे, मागून मोजायचे. फरक तो रोख. आता कॅमेरे आहेत, चाकांवर आरसे लावतात, पडद्यावर रंगीत आकडे उमटतात, आणि ते सुतापेक्षा कितीतरी अचूक असतात. मिस्त्रींकडेही ते यंत्र आहे. पण क्रम त्यांनी सोडलेला नाही. आधी टायरची हवा. मग ढिले झालेले सांधे. मग गाडीची उंची. मग रेलणे, मग कल, आणि सर्वांत शेवटी रोख. कारण आधीचे काहीही हलवले की रोख पुन्हा हलतो. ज्या कारखान्यात स्प्रिंग कापली गेली, तेथेही यंत्र होते म्हणे. कापल्यानंतर गाडी त्यावर चढवायला कोणाला सुचले नाही.

आमच्या कोल्हापूरच्या माणसाला हे सारे एका गोष्टीवरून चटकन उमगावे. पायताण शिवणारा जुना कारागीर चप्पल उलटी करून पाहतो आणि न विचारता सांगतो, "पावणं, डावा पाय बाहेर टाकून चालता." टाच कोठे झिजली त्यावरून तो चाल ओळखतो. टायरही तसाच वाचावा. दोन्ही कडा झिजल्या, तर हवा कमी. मध्य झिजला, तर हवा जास्त. एकच कड झिजली, तर कलाचा संशय घ्यावा. तळवा आडवा फिरवला असता एका दिशेने मऊ लागते आणि उलट दिशेने करवतीसारखे बोटांना अडते, तर रोख चुकला आहे. मधेच खळगे पडले, तर धक्के शोषणारे भाग थकले असतील, नाही तर चाकाचा तोल गेला असेल.

मी लिहिलेले तक्रारपत्र अजून माझ्या टेबलात आहे. त्यातल्या सगळ्या वेलांट्या बरोबर आहेत आणि सगळा मजकूर चूक आहे. चूक टायरची नव्हती, रस्त्याचीही नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांनी कोन जुळवता जुळवता जो तोल साधला होता, त्यातली एक गोष्ट आम्ही हौसेने बदलली आणि बाकीच्यांना कळवलेच नाही. बदलू नये असे माझे म्हणणे नाही. गेसफर्डने गाडी बदलली, डार्विनने बदलली, बेंझने बदलली. पण त्यांनी एक बदलल्यावर त्याच्या मागे काय काय बदलावे लागते, ते वाकून पाहिले. आम्ही फक्त लांबून उभे राहून रूप पाहिले.

वाचकहो, उद्या-परवा तुम्हीही भाऊबीजेला गावोगाव निघाल. फराळाचे डबे गाडीत चढवण्यापूर्वी एक काम करा. स्टिअरिंग पार एका बाजूला वळवा, हातात बॅटरी घ्या, खाली वाका आणि पुढच्या टायरची आतली कड नीट पाहा. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरे चाक पाहा. शेजाऱ्याने विचारले, की काय पडले, तर खुशाल सांगा, काही पडू नये म्हणून पाहतो आहे.

भाचा यंदाही फोंडा घाटानेच जाणार आहे. गाडी आता पहिल्यासारखी उंच दिसते, थोडी म्हातारीही दिसते. परवा त्याने विचारले, "मामा, आता कशी दिसते?" मी म्हटले, "तू आधी चाकं दाखव."